दूरस्थ पुनर्वसनाचा फारम

करुणाला मराठी चांगलं येतं ही बातमी नागपूरपर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. पण पोचली खरी, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

करुणा भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती एका चिंचोळ्या खोलीत स्क्रीनसमोर बसायची आणि अकरा गावांतल्या लकवा मारलेल्या, खुबा मोडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायची. गावाच्या उपकेंद्रात एक पेटी दिलेली होती. पेटीत टॅब, तो उभा करायचा स्टँड आणि मनगटाला बांधायचा एक पट्टा. पेशंटचा हात किती वर गेला ते पट्टा मोजायचा आणि इकडे करुणाच्या स्क्रीनवर आकडा उमटायचा, चाळीस अंश, पन्नास अंश. तिकडे पेशंटला धरायला, धाक घालायला आणि वेळ पडली तर चहा पाजायला गावची नर्सबाई. या सगळ्या प्रकाराला करुणापासून पेशंटपर्यंत सगळे 'टेली' म्हणत. आज टेली हाय, चला लवकर, असं.

टेली चालवणारी संस्था नागपूरची, आणि तिथले साहेब वीरेंद्र सर. सर मनाने चांगले होते, पण त्यांना मोजल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवता येत नसे. पेशंटचे हात मोजून झाले, तेव्हा त्यांच्या मनात आलं की नर्सबाया, आशाताई, आरोग्यसेवक या लोकांनी ही टेली मनापासून कितपत स्वीकारली आहे तेही मोजावं. त्यासाठी इंग्रजीत तीस प्रश्नांचा एक फारम तयारच होता. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. तो मराठीत करायचं काम करुणावर आलं. अट एकच होती, इंग्रजी शब्द एकही नको, मराठी शुद्ध पाहिजे.

दोन रविवार करुणा शब्दकोश मांडीवर घेऊन बसली. ती मोहाडीकडच्या कोष्ट्याची मुलगी. घरात माग, आणि मागावर अजूनही बसणारे तिचे वडील गोपाळराव. फारम पुरा झाल्यावर तिने तो वडिलांना वाचून दाखवला. 'दूरस्थ पुनर्वसन तंत्रज्ञानाची माझ्या कार्यक्षेत्रातील अंमलबजावणी मला स्वीकारार्ह वाटते', हा पहिला प्रश्न. गोपाळरावांनी तीसही प्रश्न शांतपणे ऐकले आणि म्हणाले, लय छान झालं, समजलं मात्र काहीच नाही. करुणाला ती शाबासकीच वाटली. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

फारम गावोगाव गेले आणि पंधरा दिवसांत भरून आले. दहा गावांचे निकाल झकास होते. अकरावं गाव पवनी तालुक्यातलं मोहखेडा, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याच्या कडेचं. तिथून चार फारम आले. चौघांनी तीसच्या तीस प्रश्नांना 'पूर्णपणे असहमत' अशी खूण केली होती. पेन इतकं दाबून, की खुणा कागदाच्या मागून उमटल्या होत्या. खाली अभिप्रायाच्या जागेत नर्स शकुनबाईंनी आपल्या सुबक अक्षरात एकच ओळ लिहिली होती, 'आम्हाला कुठेही जायचे नाही.'

नागपूरला जानेवारीत एक प्रशिक्षण ठरलं होतं. करुणाला वाटलं, त्याच्याबद्दल असेल.

पण तिचं मन काही केल्या ठिकाणावर येईना. बाकी कुणी नाही म्हटलं असतं तर तिने मनाला लावून घेतलं नसतं. शकुनबाई तिला कधी प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या, तरी आठ महिन्यांत या बाईने स्क्रीनमधूनच तिला जवळ केलं होतं. टेली सुरू झाली की पहिला प्रश्न पेशंटला नाही, करुणाला, जेवल्या का म्हणून. करुणाला खोकला झाला तर तिकडून अडुळशाचा काढा सांगितला जाई. शकुनबाईंच्या जिवावरच मोहखेड्याची टेली सगळ्यांत पुढे होती. तिथले गोमाजी म्हणजे तर करुणाचं भूषण. पासष्ट वर्षांचा शेतकरी माणूस, फेब्रुवारीत उजव्या अंगाला लकवा मारलेला. एप्रिलमध्ये त्यांचा हात वीस अंशांवर होता, नोव्हेंबरात पंचाण्णववर पोचला. आणि फारम गेल्यापासून त्या हाताला दृष्टच लागली. सत्तर झाला, मग पन्नास, गेल्या मंगळवारी तीस. करुणाने घाबरून विचारलं, पुन्हा झटका तर आला नाही ना, चक्कर, काही? गोमाजी छताकडे बघत राहिले आणि शकुनबाई म्हणाल्या, नाही, तब्येत ठीक हाये. जेवल्या का हे काही विचारलं नाही.

वीरेंद्र सरांचा हिशेब सरळ होता. जिथे लोकांना टेली नको आणि जिथे पेशंटही खाली येतोय, तिथे पेटी ठेवून करायचं काय? महिनाअखेरीस मोहखेड्याची पेटी उचलून दुसऱ्या गावाला देऊ, ते फोनवर म्हणाले. करुणाने आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पेटी गेली म्हणजे काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. आठवड्यातून दोनदा, दोन एसट्या बदलून गोमाजी काही भंडाऱ्याला येणार नव्हते. आणि खांदा एकदा आखडला की आखडला, मग जन्मभर तो हात नुसता अंगाला लटकणार.

म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी तिने रजा टाकली आणि एक जादा पट्टा पिशवीत घालून ती पवनीच्या एसटीत बसली. पवनीहून दुसरी गाडी. धान कापून झालं होतं, बांध्यांत लाखोळीचं पीक पोपटी दिसत होतं, आणि गाडी माणसांपेक्षा पोत्यांनीच जास्त भरली होती. तासाभराने कंडक्टरने मागे वळून हाळी दिली, "पुनर्वसन! पुनर्वसनवाले कोन हायेत?"

करुणाला भारी कौतुक वाटलं. आपल्या कामाची कीर्ती कंडक्टरपर्यंत पोचली तर. ती अदबीने उभी राहिली आणि म्हणाली, मीच ती पुनर्वसनवाली. कंडक्टर म्हणाला, मंग उतरा ना बाई, टेम कायले करता.

ती उतरली. गाडी निघून गेली. समोर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मोहखेडा (पुनर्वसन)'.

करुणाने ती पाटी दोनदा वाचली. जुनं मोहखेडा धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि हे दहा-बारा वर्षांपूर्वी वसवलेलं नवं गाव होतं, एवढं तिला माहीत होतं. पण ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची. तिच्या डोक्यात पुनर्वसन म्हणजे हातपाय, खांदे, गुडघे. इथल्या माणसांसाठी पुनर्वसन म्हणजे घर सोडणं. त्या माणसांना तिने शुद्ध मराठीत तीस वेळा विचारलं होतं, की दूरचं पुनर्वसन तुम्हाला मान्य आहे का. तिचे कान तापले. जमीन दुभंगावी म्हणतात, पण आधीच एवढं सोसलेल्या गावाच्या जमिनीकडे आणखी काय मागायचं.

सरळ आखलेल्या गल्ल्यांतून ती उपकेंद्र शोधत निघाली. तिसऱ्या गल्लीत एका घराच्या पडवीत एक म्हातारा माणूस पाठमोरा उभा होता. पडवीच्या आढ्याला कणसांची जुडी टांगलेली होती, ती तो काढत होता. उजव्या हाताने. हात कानाच्याही वर गेलेला. तेवढ्यात चाहूल लागून तो वळला. ते गोमाजी होते. करुणाला बघताच त्यांचा हात धप्पकन खाली पडला आणि मेल्यासारखा मांडीशी लोंबू लागला. कणसं पायाशी सांडली. मग गोमाजी घरात तोंड करून म्हणाले, "गोदावरे, सिस्टरले बलाव. डाक्टरीनबाई आली."

शकुनबाई लगबगीने आल्या. स्क्रीनवर भरदार दिसणारी ही बाई प्रत्यक्षात करुणाच्या खांद्याएवढी होती. टेलीच्या वेळी ती पाटावर उभी राहते, हे करुणाला त्या दिवशी कळलं. चेहरा कोरडा होता, पण आल्यागेल्याला उपाशी ठेवायची त्या घराची रीत नव्हती. आधी गोमाजींच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, भात वाढला, लाखोळीच्या डाळीचे वडे वाढले, आणि जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. करुणाचा हात दोन वड्यांवरच थांबला, तो भाग वेगळा.

मग शकुनबाईंनी पिशवीतून फारमची झेरॉक्स काढली. प्रश्नाप्रश्नाखाली लाल रेघ मारलेली. अकरा गावांत तो फारम मन लावून वाचणारं हे एकच गाव होतं, हे कबूल करायलाच हवं. बाकीच्यांनी पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून वरवर खुणा केल्या असणार. इथे मात्र आशाताई खुशबूच्या घरी बैठक बसली होती आणि एकेका प्रश्नाचा कीस काढला गेला होता. शकुनबाईंनी एकेक प्रश्न वाचून बैठकीत काय ठरलं ते सांगितलं. 'दूरस्थ पुनर्वसनामुळे रुग्णांचा प्रवासाचा त्रास वाचेल.' दूर नेऊन टाकल्यावर त्रास वाचतो की वाढतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं. 'माझे वरिष्ठ मला दूरस्थ पुनर्वसनासाठी प्रोत्साहन देतात.' म्हणजे दबाव आहेच. 'आवश्यक त्या सर्व सोयी मला उपलब्ध करून दिल्या जातील.' मागच्या वेळीही अगदी असंच लिहिलेलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी ठळक अक्षरांत, 'रुग्णांमधील सुधारणा हाच दूरस्थ पुनर्वसनाच्या यशाचा पुरावा मानला जाईल.'

या वाक्यावर बैठक बराच वेळ अडली होती. गावात सुधारणा झालेला पेशंट एकच, गोमाजी. त्यांचा हात वर गेला की पुरावा झाला, आणि पुरावा झाला की गाव उठलं. मग काय करायचं ते गोमाजींनी स्वतःच सांगितलं होतं. टेलीवर करुणाला तोंडाने विचारायची सोय नव्हती, कारण टेली चालू असताना स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसे आणि सगळं रेकॉर्ड होई.

"तुमच्यावर राग नाही मॅडम," शकुनबाई म्हणाल्या. "तुमाले वरून सांगतलं असन. पन आमी एकदा गाव सोडलं. माह्या सासूनं नव्या घरात डोळे मिटेपर्यंत चूल मांडली नाही, पराया घरी कायची चूल म्हने. आता दुसऱ्यांदा कोनी हलनार नाही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि करुणाला हसू आलंही नाही. तिचे डोळे भरून आले. कशीबशी ती म्हणाली, "सिस्टर, या फारमातलं पुनर्वसन म्हणजे आपली टेली."

"टेली?"

"हो. मंगळवार-शुक्रवारची टेली. हाताचे व्यायाम. गावाचं यात काहीच नाही. लकव्याच्या माणसाला पुन्हा उभं करणं, त्यालाही पुस्तकात पुनर्वसन म्हणतात. दूरस्थ म्हणजे फोनवरून."

शकुनबाईंनी फारम हातात घेतला. पुन्हा पहिल्या प्रश्नापासून ओठातल्या ओठात वाचत गेल्या, जिथे 'दूरस्थ पुनर्वसन' आलं तिथे 'टेली' घालून. दहाव्या-बाराव्या प्रश्नापर्यंत त्यांचे ओठ थरथरायला लागले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मंग टेली लिहाले काय झालं होतं, बाई?"

गोदावरीबाईंना आधी हसू फुटलं, मग शकुनबाईंना, आणि दोघी एकमेकींना धरून अशा हसल्या की शेजारची माणसं पडवीत डोकावली. बातमी दोन मिनिटांत गल्लीभर झाली, की कोणी कुठं जाऊन नाही राहिलं, टेलीच हाये ते. शकुनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि करुणाला विचारलं, की वडे पोटभर खाल्ले का. एवढ्या एका प्रश्नाने करुणाच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती म्हणाली, नाही, दोनच खाल्ले. तिसरा आणि चौथा समोर आला.

गोमाजी मात्र हसत नव्हते. ते हिशेब मांडत असावेत. पंधरा दिवस हा माणूस चारचौघांत डाव्या हाताने जेवला होता, उजवा हात बंडीत लपवून फिरला होता. कोण कुठून फोटो काढील सांगता येत नाही म्हणून गोदावरीबाईंना त्यांनी दार लावून व्यायाम करून घेऊ दिला, तोही दोन दिवसांआड.

करुणाने विचारलं, "बाबा, हात असा ठेवून ठेवून खरंच आखडला असता तर?"

"आखडला असता."

"मग?"

"एका हातानं भागते बाई," गोमाजी म्हणाले. "अर्धं आंग गेलं तवा समजलंच होतं मले. मानूस एका हातानं राहू शकते. गाव पाण्यात गेलं का मंग कशानंच भागत नाही."

करुणा फिजिओथेरपिस्ट होती. हात म्हणजे काय, हे पाच वर्षं शिकून आली होती. पण कुणी आपला हात असा उचलून गावावरून ओवाळून टाकलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. तिने पट्टा काढला आणि त्यांच्या मनगटाला बांधला, कारण तिला तेवढंच नीट करता येत होतं. गोमाजींनी हात उचलला. गल्लीतली सगळी माणसं करुणाच्या मोबाइलवरच्या आकड्याकडे डोळे लावून उभी. नव्वदला थोडा अडकला, शकुनबाईंनी सवयीने दम भरला, आणि हात एकशे चारवर गेला.

आता पेटीचा प्रश्न. फारम परत भरून घ्यावा एवढ्याने वीरेंद्र सर मानणार नव्हते. भरलेला फारम बदलता येत नाही, असा नियम त्याच फारमाच्या पहिल्या पानावर करुणानेच शुद्ध मराठीत लिहून ठेवला होता. मार्ग एकच होता. भाषांतर चुकलं असं भाषांतर करणारीने लेखी द्यायचं, म्हणजे सगळेच फारम बाद. दहा गावांचे ते झकास निकालही बाद. अहवाल लांबणार, सर चिडणार, आणि खाली नाव करुणाचं. शकुनबाईंनी तिला हे दोनदा विचार करून बघायला सांगितलं. करुणाच्या घरी मागावर एक रीत होती. धागा ज्याच्या हातून तुटला त्यानेच सांधायचा, दुसऱ्याला हाक मारायची नाही. तिने शकुनबाईंच्या वहीतली दोन पानं मागून घेतली आणि तिथेच पडवीत बसून पत्र लिहिलं. एक नागपूरला, एक उपकेंद्राच्या फायलीला.

पुढचं आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पेटी मोहखेड्यातच राहिली. वीरेंद्र सर महिनाभर करुणाशी कामापुरतंच बोलले, आणि नंतर ते स्वतःच सगळ्यांना ही गोष्ट सांगू लागले, अर्थात शहाणपणाचा वाटा स्वतःकडे घेऊन. नवा फारम अकरा गावांत 'टेली' या शब्दासह गेला. मोहखेड्याने या खेपेलाही तो बैठक घेऊनच भरला, आणि 'आवश्यक त्या सर्व सोयी' या प्रश्नाला मात्र पुन्हा 'पूर्णपणे असहमत' केलं, कारण उपकेंद्रात नेटवर्क मधूनमधून जात असे. करुणाने तो फारम सगळ्यांत वर ठेवून पाठवला.

पण त्या दुपारी पडवीत काय झालं ते राहिलंच. पत्रात करुणाने लिहिलं होतं, की गोमाजी यांच्या हाताच्या गेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी खऱ्या नाहीत, आजची नोंद एकशे चार अंश. म्हणजे खाली गोमाजींची निशाणी हवी. लकवा झाल्यापासून ते सगळीकडे डाव्या हाताचा अंगठाच उठवत असत. शकुनबाईंनी शाईचं पॅड उघडून पुढे केलं. गोमाजींनी ते बाजूला सारलं आणि पेन मागितलं.

गोमाजींनी पेन उजव्या हातात धरलं, बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली, आणि थांबले.

"जुनं घर सोडाच्या कागदावर याच हातानं सही केली होती," ते करुणाला म्हणाले. "साहेबानं बोट ठेवलं, मी केली. कोनी वाचून नाही दाखवलं, मी बी नाही म्हटलं का वाचा. हे पयले वाचून दाखवा."

करुणाने पत्र वाचलं. सावकाश, तारखेपासून. 'पुनर्वसन' शब्द आला तिथे ती आपणहून थांबली आणि हा शब्द इथे का लिहावा लागला ते सांगितलं. गोमाजींनी मान हलवली, पुढे वाचा म्हणाले. पत्र संपल्यावर त्यांनी शकुनबाईंकडे पाहिलं. त्याही शेजारून वाचत होत्या, त्यांनी होकार दिला.

मग त्यांनी कागदावर पेन टेकवलं. 'गो'चा काना तिरका गेला. मात्रा द्यायला हात उचलला तेव्हा तो थरथरला, आणि गोदावरीबाई कोपराला आधार द्यायला पुढे सरकल्या. शकुनबाईंनी त्यांचा पदर धरून त्यांना मागे ओढलं. 'मा' लिहायला बराच वेळ लागला. 'जी' कागदाच्या कडेला जाऊन पोचली, जागा पुरली नाही म्हणून वेलांटी वर वळली. चारची गाडी पाटीजवळ हॉर्न देऊन निघून गेली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सही झाली. गोमाजींनी ती लांब धरून पाहिली, पुन्हा जवळ घेऊन पाहिली. पेन काही त्यांनी खाली ठेवलं नाही.

"अजून कोठं कराची असन त सांगा," ते म्हणाले.

करुणाने दुसरी प्रत त्यांच्यापुढे सरकवली आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.